व्हिडिओ मुलाखतीत एआय नक्की काय बघतं? दिसण्यावरून होणारी निवड, सोप्या भाषेत

परवा रात्री साडेदहाला माझ्या भाच्याचा फोन आला. तो लातूरला असतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या दिवशी त्याची एका कंपनीची व्हिडिओ मुलाखत होती. मला वाटलं, डेटा स्ट्रक्चरमधलं काहीतरी अडलं असेल. तर म्हणाला, "मामा, कॅमेऱ्यात मी फारच काळा दिसतोय. फोनमधला ब्युटी फिल्टर चालू ठेवू का? त्यांचं एआय तोंड बघून मार्क देतं म्हणतात. खरंय का?"

मी पंधरा वर्षं आयटीत आहे. त्यातली सहा-सात वर्षं मी स्वतः मुलाखती घेतल्या आहेत. तरी या प्रश्नाचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर मला देता आलं नाही. फोन ठेवल्यावर झोपही नीट लागली नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण असा प्रश्न पडलेली मुलं-मुली खूप आहेत.

एकतर्फी व्हिडिओ मुलाखत म्हणजे काय?

या प्रकारात समोर माणूस नसतो. तुम्हाला एक लिंक येते. ती उघडली की स्क्रीनवर प्रश्न दिसतो, विचार करायला थोडे सेकंद मिळतात आणि मग ठरलेल्या वेळात कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं असतं. उत्तर रेकॉर्ड होऊन कंपनीकडे जातं.

तिथून पुढे दोन वाटा आहेत. काही कंपन्यांत एचआरची माणसं ते व्हिडिओ सवडीने बघतात. काही ठिकाणी आधी सॉफ्टवेअर बघतं, प्रत्येकाला स्कोअर देतं, आणि माणसापर्यंत फक्त वरची नावं जातात. हजारो अर्ज येतात तिथे कंपनीला हा दुसरा रस्ता स्वस्त पडतो.

सॉफ्टवेअर साधारण असं काम करतं:

- तुमचा आवाज मजकुरात बदलतं, म्हणजे तुम्ही बोललात ते लिहून काढतं.
- त्या मजकुरातले शब्द, वाक्यं आणि मुद्दे तपासतं.
- काही सॉफ्टवेअर आवाजातले चढउतार आणि बोलण्याचा वेगही मोजतात.
- काही चेहऱ्याच्या हालचालीही मोजतात, म्हणजे हसणं, भुवया, नजर वगैरे.
- या सगळ्याची तुलना आधी निवडलेल्या लोकांच्या नोंदींशी करून एक आकडा काढतं.

यातली शेवटची ओळ लक्षात ठेवा. खरी गोम तिथेच आहे.

एआय खरंच तोंड बघून मार्क देतं का?

काही सॉफ्टवेअर देत होती, हे उघड झालेलं आहे. अमेरिकेतली हायरव्ह्यू ही या क्षेत्रातली मोठी कंपनी. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याचं विश्लेषण होतं. २०१९ मध्ये 'एपिक' या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संस्थेने तिच्याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये हायरव्ह्यूने जाहीर केलं, की चेहऱ्याचं विश्लेषण आपण काढून टाकलं आहे.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. २०२१ मध्ये बायरिशर रुंडफुंक या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी रेटोरिओ नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासलं. हे सॉफ्टवेअर व्हिडिओवरून माणसाचं व्यक्तिमत्त्व सांगायचं. पत्रकारांनी चष्मा घालून बघितला, डोक्याला स्कार्फ बांधून बघितला, पाठीमागे पुस्तकांचं कपाट ठेवून बघितलं, उजेड कमीजास्त करून बघितला. स्कोअर बदलत गेले. माणूस आणि त्याचं बोलणं बदललेलं नव्हतं, तरी मागे पुस्तकं आली की त्याचं व्यक्तिमत्त्वही वेगळं ठरत होतं.

आता भाच्याच्या घरचा विचार करा. दोन खोल्या, वर पत्रे. व्हिडिओसाठी तो जिथे बसतो तिथे मागे फळीवर स्टीलचे डबे आहेत आणि बाजूला देवाचं कॅलेंडर. पुस्तकं आहेत, पण ती पलंगाखालच्या ट्रंकेत.

कॅमेरा सगळ्यांना सारखाच बघतो का?

नाही, आणि यामागचं तंत्र सोपं आहे. फोनचा कॅमेरा चौकटीतला सगळा उजेड मोजतो आणि चित्र सरासरीने मध्यम उजळ यावं अशा बेताने स्वतःला जुळवून घेतो. पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल, तर कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे. तो एकूण चित्र गडद करतो. त्यात सर्वांत आधी चेहरा काळवंडतो. त्वचा मुळात सावळी असेल, तर नाक, डोळे, ओठ यांच्या कडा अंधारात जातात. त्यावर नेट हळू असेल तर व्हिडिओ दाबला जातो, आणि उरलेसुरले बारकावेही पुसले जातात.

हे झालं कॅमेऱ्याचं. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर हा पुढचा टप्पा. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू या संशोधकांनी 'जेंडर शेड्स' हा अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची त्यांनी चाचणी घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. गडद रंगाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ही नोकरीची चाचणी नव्हती, हे खरं. पण जे सॉफ्टवेअर एखाद्याचा चेहराच नीट वाचू शकत नाही, ते त्याच चेहऱ्यावरून 'आत्मविश्वास' काय वाचणार?

आवाजाचंही तेच. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची बोललेलं लिहून काढणारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती. बोलण्याचा ढंग वेगळा होता आणि सॉफ्टवेअरच्या कानाला त्यातल्या एकाची सवय जास्त होती. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचं इंग्रजी ऐकताना काय होत असेल, याचा अंदाज करा. उत्तर बरोबर असलं तरी ते चुकीचं लिहिलं गेलं, तर मार्क त्या चुकीच्या मजकुराला मिळतात.

पण मशीनला हे शिकवलं कोणी?

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिच्यातर्फे कॉलेजांत जाऊन मुलाखती घ्यायचो. आमच्याकडे एक फॉर्म असायचा. त्यात तीन रकाने होते: टेक्निकल, कम्युनिकेशन आणि प्रेझेंटेबिलिटी. प्रत्येकाला पाचपैकी मार्क द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात एक मुलगा आला. रंग काळा, गालावर पुरळाचे खड्डे, शर्ट दुसऱ्याचा असावा कारण बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी दिलेला प्रोग्राम त्याने कागदावर पहिल्या फटक्यात लिहिला, वर माझ्या प्रश्नातली एक चूकही दाखवली. टेक्निकलला मी त्याला पाच दिले. प्रेझेंटेबिलिटीला दोन. शेरा लिहिला: 'टेक्निकली चांगला, क्लायंटसमोर बसवण्यासारखा नाही.' त्याची निवड झाली नाही. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. कंपनीचं भलं बघितलं, असंच वाटलं.

पुढे एका पार्टीत माझे जुने मॅनेजर गमतीत म्हणाले, "तुला घेतला तेव्हा तुझं कोडिंग यथातथाच होतं रे. पण म्हटलं पोरगं नीटनेटकं आहे, इंग्रजी फाडफाड बोलतंय, क्लायंटसमोर शोभेल. बाकीचं शिकेल हळूहळू." सगळे हसले. मीही हसलो. मी पुण्याचा, रंग उजळ, शाळा इंग्रजी माध्यमाची. यातलं काहीही मी कमावलेलं नव्हतं. शिकायला जो वेळ मला मिळाला, तो त्या मुलाला लागतही नव्हता. त्याला काम येतच होतं.

विशेषाधिकार हा शब्द जड वाटतो, पण तो एवढाच असतो. एकाला 'शिकेल हळूहळू' असं म्हणतात, आणि दुसऱ्याला सगळं येत असूनही 'शोभणार नाही' म्हणतात. ज्याला पहिलं वाक्य मिळतं, त्याला ते कधी ऐकूच येत नाही. मला चुकून ऐकू आलं.

त्यानंतर वर्षभरात कंपनीने मुलाखतीसाठी एआय सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. बैठकीत कळलं, की सॉफ्टवेअर 'ट्रेन' करायला आमच्या गेल्या सहा वर्षांच्या मुलाखतींच्या नोंदी द्यायच्या आहेत. म्हणजे कोणाला किती मार्क दिले, कोणाला घेतलं, कोणाला नाही. मी विचारलं, "प्रेझेंटेबिलिटीचा रकानाही?" उत्तर आलं, "हो, पूर्ण शीटच देतोय."

माझ्या अंगावर काटा आला. एआय काय शिकणार होतं? मी त्या मुलाला काय शेरा दिला होता, ते. मशीन लर्निंगमध्ये मशीनला कोणी नियम सांगत नाही. जुनी उदाहरणं दाखवतात आणि 'असं दिसलं की हो, तसं दिसलं की नाही' हे ते स्वतः शोधतं. उदाहरणंच वाकडी असतील, तर ते वाकडेपणा मन लावून शिकतं. माझा शेरा एका मुलापुरता होता. सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर तो पुढे येणाऱ्या प्रत्येकाला लागू होणार होता, आणि खाली माझी सहीसुद्धा नसणार होती.

तो रकाना काढून टाकला तर?

मीही तेच सुचवलं, आणि रकाना काढलाही. पण त्याने फारसं भागत नाही. रकाना गेला तरी 'घेतलं की नाही' हा शेवटचा निकाल त्या रकान्यावरूनच ठरलेला होता. मशीन त्या निकालाकडे बघून शिकतं, आणि निकालाशी जुळणाऱ्या आडवाटा शोधतं: कॉलेज कुठलं, गाव कुठलं, भाषा कशी. याला 'प्रॉक्सी' म्हणतात. पुढच्या दाराला कुलूप लावलं तरी परसदार उघडंच राहतं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ॲमेझॉनचं. २०१४ पासून त्यांची एक टीम अर्ज तपासून एक ते पाच तारे देणारं सॉफ्टवेअर बनवत होती. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकायला दिले होते, आणि त्यातले बहुतेक पुरुषांचे होते. अर्जात 'महिला' असा शब्द आला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन, तर सॉफ्टवेअर मार्क कापू लागलं. दोन महिला कॉलेजांच्या पदवीधरांनाही त्याने खाली ढकललं. ते शब्द दुरुस्त केले, पण दुसरी कुठली आडवाट ते शोधणार नाही याची खात्री कोणी देईना. शेवटी प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली.

मग माणसांनीच मुलाखत घेतलेली बरी का?

माझाच किस्सा वाचल्यावर तुम्ही तसं म्हणणार नाही. माणसाचं मन काय करतं ते शंभर वर्षांपूर्वीच माहीत झालंय. १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धी आणि नेतृत्वातही गुण चांगले मिळत होते. याला त्यांनी 'हॅलो इफेक्ट' म्हटलं. एक गोष्ट डोळ्यांत भरली की बाकी सगळंच चांगलं वाटतं.

१९९४ मध्ये डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सर्वेक्षणांवरून दाखवलं, की दिसायला साधारणपेक्षा कमी मानल्या गेलेल्या लोकांची कमाई साधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी असते.

आपल्याकडे तर चेहरा दिसायच्या आधीच निकाल लागतो. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखंच, फक्त नावं वेगळी. उच्चजातीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

म्हणजे माणूस आणि मशीन दोघेही चुकतात. फरक एवढाच, की माणसाला गाठून 'का?' असं विचारता तरी येतं. मशीनचा आकडा मात्र निष्पक्ष असल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही.

कायदा काय म्हणतो?

- अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात २०२० पासून नियम आहे: व्हिडिओ मुलाखतीत एआय वापरणार असाल तर आधी सांगा, ते कसं काम करतं ते समजावा, संमती घ्या, आणि उमेदवाराने मागितल्यास व्हिडिओ ३० दिवसांत पुसा.
- न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा भरती सॉफ्टवेअरची दरवर्षी भेदभावासाठी तपासणी करून घ्यावी लागते.
- युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात भरतीची सॉफ्टवेअर 'उच्च जोखीम' गटात आहेत. कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे.
- भारतात राज्यघटनेचं १६ वं कलम सरकारी नोकरीत समान संधी देतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचाही समावेश आहे. पण खासगी नोकरीत रंगावरून किंवा दिसण्यावरून नाकारू नका, असं थेट सांगणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहितीबद्दल काही हक्क देतो, पण 'माझा स्कोअर कसा ठरला ते सांगा' असा हक्क त्यात नाही.

उमेदवारांनी काय करावं?

- खिडकीकडे पाठ करू नका, तोंड करून बसा. रात्री असेल तर दिवा कॅमेऱ्याच्या मागे, चेहऱ्यावर येईल असा ठेवा.
- फोन डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा.
- मागे साधी भिंत किंवा एकरंगी चादर असली तरी पुरे.
- थोडं सावकाश बोला आणि तांत्रिक शब्द स्पष्ट उच्चारा, म्हणजे ते बरोबर लिहिले जातील.
- एआय वापरणार आहेत का, व्हिडिओ किती दिवस ठेवणार, हे ईमेलने नम्रपणे विचारा. उत्तर नाही आलं तरी विचारल्याची नोंद राहते.

आणि मुलाखत घेणाऱ्यांनी?

- फॉर्मवरचा 'प्रेझेंटेबल' रकाना काढा. कामाला जे लागतं, तेच मोजा.
- सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि मार्कांचे निकष आधी लिहून ठेवा.
- पहिला टप्पा नाव, फोटो आणि व्हिडिओशिवाय करा. कोडिंगची परीक्षा चेहऱ्याशिवाय होऊ शकते.
- सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: हे कोणाच्या नोंदींवर शिकलंय, आणि कोणाला बाहेर ठेवतंय?

भाच्याला मी त्या रात्री उजेडाचं, फोनच्या उंचीचं सगळं सांगितलं. ताईने मागे पांढरी चादर लावली, डबे झाकले गेले. फिल्टर मात्र बंद ठेव म्हणालो. तो म्हणाला, "पण मामा, फिल्टरने मार्क वाढत असतील तर?"

मी म्हणालो, "वाढत असतील तर ती चूक त्यांची आहे, तुझी नाही." बोलायला सोपं होतं. उजळ रंगाचा माणूस असं सहज बोलू शकतो, हे मलाही कळत होतं. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं, लिंक्ड लिस्ट उलटी करायचं एकदा विचारा ना मला."

रात्री साडेअकरा वाजता मी त्याची मुलाखत घेतली. पहिल्या फटक्यात बरोबर आलं. व्हिडिओ बंद होता, नुसताच आवाज येत होता. मार्क द्यायला तेवढंच पुरेसं होतं.